गॅरेजचे शटर : भार कोणी पेलायचा?

या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी गॅरेजच्या दाराविषयीची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. बडोद्यात जुन्या सोसायट्यांतील टेनामेंट (छोटी स्वतंत्र घरे) पाडून किंवा वाढवून नवी घरे उभी राहत आहेत, घरटी एक तरी गाडी आहे आणि ती रस्त्यावर ठेवायला जागा उरलेली नाही. त्यामुळे पूर्वी ज्या गोष्टीचा निर्णय गवंडी आणि लोहार परस्पर घेत, तो आता घरच्या माणसांना घ्यावा लागतो. पत्रे लांब होती. प्रश्नाचा गाभा ठेवून ती थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : आमच्या गॅरेजचे शटर बसवून नऊ वर्षे झाली. पूर्वी ते एका हाताने उचलले जाई. आता मला दोन्ही हात लावावे लागतात आणि सासूबाईंना तर ते हलवताही येत नाही. शिवाय अर्धे वर नेलेले शटर आपोआप खाली घसरते. शटरवाला म्हणतो, "मोटर नखावी दो, बाने तकलीफ नहीं पडे" (मोटर बसवून घ्या, आईंना त्रास होणार नाही). मोटर बसवून घ्यावी का?
— एक वाचक, मांजलपूर

उत्तर : आत्ता नको. आपल्या शटरला मोटरीची नव्हे, स्प्रिंगांच्या दुरुस्तीची गरज आहे, आणि ती न करता मोटर बसवली तर सासूबाईंचा त्रास काही महिन्यांपुरता टळेल, पण धोका मात्र वाढेल.

यामागचे कारण सविस्तर सांगतो, कारण पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तराला त्याचाच आधार आहे. गाडी जाईल एवढ्या रुंद शटरचा नुसता पडदा, म्हणजे पत्र्याच्या पट्ट्यांचा गुंडाळला जाणारा भाग, साठ-सत्तर किलोंचा असतो. एवढे वजन रोज चार वेळा उचलणे कोणाही माणसाचे काम नाही, आणि चांगल्या शटरला ते माणसाने उचलावे लागतही नाही. पडदा ज्या पाईपवर गुंडाळला जातो त्या पाईपवर गोल डबे असतात आणि त्या डब्यांत पोलादी पट्टीच्या स्प्रिंगा गुंडाळून बसवलेल्या असतात. शटर खाली येते तेव्हा त्या पिळल्या जातात आणि वर जाताना तोच पीळ पडद्याचे वजन उचलून धरतो. आपला हात फक्त दिशा देतो. आपण पूर्वी एका हाताने शटर उचलत होता ते शटर हलके होते म्हणून नव्हे, तर त्याचा भार स्प्रिंगा पेलत होत्या म्हणून.

हे घरच्या घरी तपासता येते. शटर कमरेइतके उचलावे, पाय त्याच्या खाली येणार नाहीत असे उभे राहावे आणि हात हळूहळू ढिला सोडावा. तोल बरोबर असेल तर शटर आहे तिथे थांबते, फार तर बोटभर हलते. खाली घसरले तर स्प्रिंगांचा पीळ कमी पडतो आहे. उसळून वर गेले तर तो जास्त झाला आहे. आणखी एक खूण लक्षात ठेवावी. शटर वर नेताना आणि खाली आणताना दोन्ही वेळा जड लागत असेल तर दोष बाजूच्या गाईडमध्ये (पडद्याच्या कडा ज्यातून सरकतात त्या उभ्या खाचेत) आहे, म्हणजे तिथे गंज, माती, वाकलेली कड किंवा निघालेली एखादी क्लिप असणार. वर नेताना जड आणि खाली येताना मात्र धावत येणारे शटर हे दमलेल्या किंवा तुटलेल्या स्प्रिंगेचे लक्षण आहे. आपण लिहिलेली खूण सरळ दुसऱ्या प्रकारची आहे.

माझ्या घरच्या शटरची एक स्प्रिंग तुटली ती पहाटे, कोणी हात लावलेला नसताना. पत्र्यावर नारळ पडावा तसा आवाज आला. सकाळी शटर उचलायला गेलो तर डावी बाजू वर येईना. तळाची पट्टी एका अंगाला चार बोटे कलली होती. तिरके झालेले शटर तसेच ओढले की पट्ट्या गाईडमध्ये चावतात आणि हजाराच्या कामाचे दहा हजारांचे होते. म्हणून शटर एकीकडे कलले की तिथेच थांबावे.

स्प्रिंगेचे आयुष्य वर्षांत मोजत नाहीत, फेऱ्यांत मोजतात; दार एकदा उघडून बंद केले की एक फेरी. छताखाली सरकणाऱ्या घरगुती गॅरेज दारांच्या नेहमीच्या स्प्रिंगा साधारण १०,००० फेऱ्या टिकतील अशा बनवलेल्या असतात. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर त्या सात वर्षांच्या आत-बाहेर संपतात. आपले शटर वेगळ्या जातीचे असले तरी न्याय तोच, आणि नऊ वर्षांनी स्प्रिंग दमणे हा कोणाचा दोष नाही. एक स्प्रिंग गेली असेल तरी सगळ्या एकदम बदलाव्यात, कारण बाकीच्यांनीही तेवढ्याच फेऱ्या केलेल्या असतात.

आता मोटरीचे. तोल गेलेल्या शटरला मोटर लावली की सगळे वजन मोटरीवर येते. ती तापते, मध्येच बंद पडते, वीज गेल्यावर हाताने साखळी ओढावी तर तीही ओढवत नाही. सर्वांत वाईट म्हणजे मोटरीचा ब्रेक किंवा साखळी कधी सुटली तर साठ-सत्तर किलोंचा पडदा काहीही न अडवता खाली येतो. स्प्रिंगा ठीक असतील तर तेच शटर सुटले तरी जागच्या जागी राहते. म्हणून आधी स्प्रिंगा बदलून घ्याव्यात, मग सासूबाईंना स्वतः शटर उचलून पाहू द्यावे. त्यानंतरही मोटर हवीशी वाटली तर अवश्य बसवावी.

एक कळकळीची विनंती. स्प्रिंगेचे काम घरच्या पान्याने करू नये. पीळ देताना किंवा काढताना हातातला लोखंडी दांडा निसटला तर तो मनगट मोडतो. असा निसटलेला दांडा भिंतीवर आपटून प्लास्टरचा टवका उडालेला मी पाहिला आहे. त्या वेळी शिकाऊ मुलगा शिडीवरून नुकताच उतरला होता म्हणून निभावले.

प्रश्न : आम्ही घर नव्याने बांधत आहोत. गाडी ठेवण्याच्या जागेचे तोंड १० फूट रुंद व ८ फूट उंच आहे. आर्किटेक्ट छताखाली सरकत जाणारा परदेशी पद्धतीचा दरवाजा सुचवतात, शेजारी शटर घ्या म्हणतात आणि सासऱ्यांना सरकते लोखंडी फाटक हवे आहे. काय निवडावे आणि घेताना काय पाहावे?
— एक वाचक, वासणा रस्ता

उत्तर : तिन्ही गोष्टी चांगल्या आहेत, पण प्रत्येकीला जागा वेगवेगळ्या ठिकाणी लागते, आणि निवड बहुतेक वेळा तिथेच होऊन जाते.

छताखाली सरकणारा दरवाजा आडव्या मोठ्या फळ्यांचा असतो. तो रुळांवरून वर चढून छताला समांतर झोपतो. त्यासाठी दरवाजाच्या उंचीएवढी लांब छताखालची जागा मोकळी हवी. मध्ये तुळई, पंखा किंवा पाण्याचा पाईप आला की प्रश्न संपला. आत फोम भरलेला, साधारण ४० मिलिमीटर जाडीचा असा दरवाजा उन्हाला चांगला अडवतो. गॅरेजचे तोंड पश्चिमेला असेल आणि त्या जागेत कोणी बसून काम करत असेल तर मे महिन्यात त्याचा उपयोग कळतो. नुसती गाडी उभी करायची असेल तर त्याच्या शटरपेक्षा बऱ्याच जास्त किमतीचा मोबदला मिळतो असे मला वाटत नाही.

सरकत्या फाटकाला तोंडाच्या एका बाजूला तोंडाएवढीच सलग भिंत लागते, म्हणजे आपल्याकडे किमान साडेदहा-अकरा फूट. ती असेल तर फाटक सोयीचे आहे, हवा खेळती राहते आणि दुरुस्ती कोणताही लोहार करतो. मात्र सासऱ्यांना माझ्या वतीने एक गोष्ट सांगावी. सरकते फाटक ज्या रुळावर चालते त्याच्या दोन्ही टोकांना मजबूत स्टॉपर आणि वर फाटकाला दोन्ही अंगांनी धरणारे रोलर हवेतच. स्टॉपर झिजला किंवा सुरुवातीपासून बसवलाच नाही, तर जोराने ढकललेले फाटक रोलरमधून पुढे निघून जाते आणि आडवे पडते. दोनशे-अडीचशे किलोंचे फाटक अंगावर पडून मुले आणि वॉचमन दगावल्याच्या बातम्या आपल्या देशात वर्षानुवर्षे येत आहेत. मुलांना फाटकाला लटकून झोका घ्यायला आवडते. स्टॉपर हा काही शे रुपयांचा लोखंडाचा तुकडा आहे, म्हणून मी तो फाटकाच्या किमतीत नव्हे, माणसांच्या हिशेबात धरतो. तो नुसता वेल्डिंगच्या दोन ठिपक्यांवर उभा नसून काँक्रीटमध्ये रोवलेला असावा.

आपल्या मोजमापाला मी शटर सुचवीन. १० बाय ८ म्हणजे ८० चौरस फूट, सुमारे ७.४ चौरस मीटर. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विनिर्देशांत हाताने उचलायचे शटर ८ चौरस मीटरपर्यंत साध्या बांधणीचे आणि १२ चौरस मीटरपर्यंत बॉल बेअरिंगचे चालते असे धरले आहे. आपण मर्यादेच्या अगदी काठावर आहात, तेव्हा बेअरिंग घ्यावेच. खर्च थोडा वाढतो, पण हाताला तो फरक जन्मभर जाणवतो. त्याच विनिर्देशांत साडेतीन मीटर रुंदीपर्यंत पट्टीचा पत्रा किमान ०.९० मिलिमीटर आणि त्याहून रुंद शटरला किमान १.२० मिलिमीटर जाड हवा असे म्हटले आहे. बाजाराच्या भाषेत हे अनुक्रमे २० आणि १८ गेज होतात. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे ध्यानात ठेवावे. धातूच्या गुंडाळत्या शटरसाठी ६२४८ क्रमांकाचे भारतीय मानकही १९७९ पासून आहे; कोटेशनवर त्याचा उल्लेख करून घ्यावा आणि पत्र्याची जाडी गेजमध्ये न लिहिता मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावी.

हे आग्रहाने सांगण्याचे कारण असे की पत्र्याच्या जाडीत फसवणूक सर्वांत सोपी असते. माझ्या पहिल्या घराला '१८ गेज' म्हणून बसवलेले शटर दोन वर्षांत गाडीच्या बंपरचा हलका धक्का लागून चेपले. तेव्हा व्हर्नियर (जाडी मोजायचे साधन) लावून पाहिले तर पत्रा ०.७ मिलिमीटर निघाला, म्हणजे २२ गेज. रंग चढल्यावर डोळ्यांना काहीच कळत नाही. म्हणून माल उतरवताना, बसवण्याआधी, पट्टीच्या कापलेल्या टोकाला व्हर्नियर लावावे. ज्याचा माल चोख आहे तो याला हरकत घेत नाही.

साध्या पत्र्यावर रंग मारलेले शटर घेण्यापेक्षा जस्ताचा थर दिलेल्या पत्र्यावर पावडर कोटिंग केलेले घ्यावे. शटरची गुंडाळी बाहेरच्या बाजूला न ठेवता भिंतीच्या आत घ्यावी, म्हणजे पावसाचे पाणी बेअरिंगवर जात नाही. त्यासाठी लिंटलखाली (तोंडावरच्या आडव्या तुळईखाली) साधारण फूट-सव्वा फूट उंची जाते. आपले ८ फूट ही उंची त्या आधीची आहे की नंतरची, हे आर्किटेक्टना आजच विचारावे, कारण लिंटल ओतल्यावर विचारून उपयोग नसतो. गॅरेजची फरशी बाहेरच्या दिशेने ढाळ देऊन करावी आणि शटरची तळपट्टी जिथे टेकते ती रेघ आतल्या फरशीपेक्षा किंचित खाली ठेवावी. हे शटरवाल्याचे काम नव्हे, गवंड्याचे आहे, आणि शटर येण्याआधी ते उरकलेले असते म्हणूनच नेहमी राहून जाते. कुलूप जमिनीलगतच्या कड्यांत न लावता मध्यभागी, कमरेच्या उंचीवर बसणारे घ्यावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना रोज वाकावे लागणार नाही आणि कुलूप चिखलातही जाणार नाही.

प्रश्न : २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी आमच्या गॅरेजमध्ये शिरले. शटर आम्ही घट्ट बंद केले होते, तरी खालच्या पाच-सहा पट्ट्या आत वाकल्या आणि आता तळाशी गंजून भोके पडली आहेत. पूर्ण शटर बदलावे की तेवढ्याच पट्ट्या? पुन्हा पाणी आले तर शटर बंद ठेवावे की उघडे?
— एक वाचक, समा

उत्तर : आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण तो घाईच्या वेळी सुचत नाही.

शटर हे धरणाचे दार नाही. बाहेर दोन फूट पाणी आणि आत कोरडे अशी स्थिती असेल तर १० फूट रुंद शटरवर पाचशे किलोंहून अधिक दाब येतो. पाण्याची उंची दुप्पट झाली की दाब चौपट होतो. म्हणजे छातीइतक्या पाण्याला दोन टनांच्या पुढचा हिशेब जातो. ०.९ मिलिमीटरच्या पट्टीने तो सोसावा अशी अपेक्षाच चुकीची आहे. आपल्या पट्ट्या नेमक्या खालच्या वाकल्या, कारण पाण्याचा दाब तळाशी सर्वांत जास्त असतो. आत आणि बाहेर पाणी सारखे झाले की हा दाब नाहीसा होतो. तेव्हा पाणी येणारच अशी खात्री झाली की गाडी आधीच उंच जागी हलवावी, खालचे सामान माळ्यावर टाकावे आणि पाण्याला आत येऊ द्यावे.

शटर सरळ वर करून ठेवा असे मात्र मी म्हणणार नाही. आपल्या नदीत मगरी आहेत आणि पुरात त्या वस्तीत येतात, हे समाच्या रहिवाशांना मी सांगायला नको. यावर चांगला उपाय म्हणजे खालच्या दोन-अडीच फुटांत बंद पट्ट्यांऐवजी जाळीच्या सळ्यांचा भाग बसवणे. पाणी आत-बाहेर होते, मगर, कुत्रे, वाहून आलेले ओंडके बाहेर राहतात. शिवाय एरवी गॅरेजमध्ये हवा खेळते, जमिनीचा ओलावा सुकतो आणि पेट्रोलचा वास कोंडत नाही. जाळीतून उंदीर-घुशी येतील ही तक्रार खरी आहे. त्यासाठी आतून बारीक जाळी लावता येते, पण पुराच्या आधी ती काढावी, नाहीतर कचरा अडकून ती पुन्हा भिंत होते. एक सूचना मात्र विसरू नये. जाळी असली तरी गाडी सुरू करून शटर खाली ठेवू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साईड वास न देता माणूस बेशुद्ध करतो.

आता पट्ट्यांविषयी. शटरच्या पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या असतात आणि एक-एक बाजूने सरकवून काढता येतात, म्हणून खालच्या पाच-सहा तेवढ्या बदलणे शक्य आहे. पण आधी स्क्रू ड्रायव्हरचे टोक घेऊन तळापासून वर प्रत्येक पट्टीच्या सांध्यात, आतल्या बाजूने, टोचत जावे. जिथे टोक रुतायचे थांबते तिथपर्यंत शटर गेले आहे असे समजावे. ती रेघ गुडघ्याच्या खाली असेल तर पट्ट्या बदलाव्यात. मांडीपर्यंत गेली असेल आणि गाईडही पोखरले असतील तर नवे शटर स्वस्त पडते. नव्या पट्ट्या त्याच साच्याच्या आणि त्याच जाडीच्या हव्यात, नाहीतर त्या गुंडाळताना अडतात. खाली जाळी घेतली तर पडद्याचे वजन बदलते, तेव्हा स्प्रिंगांचा पीळ त्यानुसार पुन्हा जुळवून घ्यावा. कमरेइतके उचलून हात सोडण्याची परीक्षा झाल्याशिवाय कारागिराचे पैसे चुकते करू नयेत.

पूर ओसरल्यानंतरचा पहिला दिवस फार मोलाचा असतो. विश्वामित्रीचा गाळ बारीक आहे. गाईडमध्ये वाळला की छिन्नीने काढावा लागतो. तो ओला असतानाच नळी धरून वरून खाली स्वच्छ पाण्याने धुवावा, आणि धुण्याआधी शटर ओढण्याचा प्रयत्न करू नये. सुकल्यावरच तेल. रंगाच्या बाबतीत एक चूक सर्रास होते : जस्ताच्या पत्र्यावर थेट रेड ऑक्साईड मारतात आणि वर्षभरात त्याचे पापुद्रे निघतात. त्या पत्र्याला पकड देणारा वेगळा प्रायमर मिळतो, तो मागावा. रंग आतल्या बाजूने आणि तळपट्टीच्या खालच्या कडेलाही लागला पाहिजे. गंज तिथूनच चढतो, आणि रंगारी तिथे वाकत नाही.

प्रश्न : मुलाने रिमोटवर चालणारे शटर बसवले आहे. घरात चार आणि सहा वर्षांची नातवंडे आहेत आणि रिमोट त्यांचे खेळणे झाले आहे. शिवाय वीज गेली तर गाडी आत अडकेल अशी भीती वाटते. काय काळजी घ्यावी?
— एक आजोबा, अकोटा

उत्तर : आपली काळजी अस्थानी नाही. अमेरिकेत घरगुती गॅरेजच्या यंत्रांखाली मुले सापडून मृत्युमुखी पडल्यावर, १९९३ पासून अशा यंत्रांना अडथळा येताच दार उलटे फिरवण्याची सोय कायद्याने सक्तीची झाली. तिथे दरवाजाच्या दोन्ही बाजूंना अदृश्य किरणांचे डोळे बसवतात आणि ते जमिनीपासून १५ सेंटिमीटरपेक्षा वर नसावेत असा नियम आहे, म्हणजे रांगणारे मूलही किरण तोडते. आपल्याकडे शटरच्या मोटरीबरोबर हे डोळे आपणहून मिळतीलच असे नाही; मागून घ्यावे लागतात. आपल्या शटरला आहेत का ते आजच पाहावे, आणि नसतील तर ते बसेपर्यंत रिमोट कपाटात ठेवून आतल्या भिंतीवरचे बटन वापरावे. ते बटन मुलांच्या हाताबाहेर, पाच फुटांवर, आणि जिथून सगळे तोंड दिसते अशा जागी असावे.

डोळे असतील तर महिन्यातून एकदा शटर खाली येत असताना लांब दांड्याची झाडू त्या उंचीवर आडवी धरावी. शटर तत्काळ थांबून वर गेले पाहिजे. त्याच दिवशी मोटर सोडवून कमरेइतक्या उंचीवर तोलही पाहावा. मोटर असलेल्या घरात तोल बिघडल्याचे कोणाला कळतच नाही, कारण हात लागत नाही. मोटर कण्हत राहते आणि एक दिवस बंद पडते. अकोट्यातही पाणी चढते, तेव्हा डोळ्यांची वायर काढता येईल अशा जोडणीची असावी आणि नियंत्रणाची पेटी छातीच्या वर. भिजलेली मोटर किंवा पेटी वीजतंत्र्याने तपासल्याशिवाय सुरू करू नये.

वीज गेल्यावर शटर हाताने चालवण्याची साखळी किंवा दांडा बहुतेक मोटरींना असतो. प्रश्न असा की तो घरात कोणाला ठाऊक आहे. येत्या रविवारी मेन स्विच बंद करून घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने एकदा शटर हाताने उघडून पाहावे, सूनबाईंसह आणि आपल्यासह. गॅरेजला दुसरा दरवाजा नसेल तर बाहेरून मोटर सोडवण्याची किल्लीची सोय करून घेणे आवश्यक आहे. नातवंडांना शटर हलत असताना त्याखालून पळू नये हे एकदा रागावून नव्हे, तर खालून एक रिकामे खोके चेपून दाखवून सांगावे. मुलांना ते पक्के लक्षात राहते.

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्याला सागवानी दुपाखी दरवाजा आहे, त्यात दिंडीही आहे. आता चौकात छोटी गाडी ठेवायची आहे. पावसाळ्यात दरवाजा फुगून बसतो. काढून शटर लावावे असे भाऊबंदांचे मत आहे.
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : मोजपट्टी घेऊन उघडलेल्या दोन फळ्यांमधील मोकळी रुंदी आधी मोजावी. छोट्या गाडीला आरशांसह सव्वासहा-साडेसहा फूट लागतात आणि वळून आत शिरायचे असेल तर अधिक. रुंदी पुरत असेल तर दरवाजा काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा जाडीचा जुना साग आज विकत घ्यायला गेलो तर शटरच्या कितीतरी पट पैसे पडतील, आणि दिंडीची सोय शटरमध्ये नसते : माणसासाठी रोज पूर्ण तोंड उघडावे लागते.

दरवाजा फुगतो तो बहुतेक तळाशी आणि मधल्या कडेला. फळीच्या खालच्या कडेला, जिथे लाकडाच्या नसा उघड्या असतात, रंग किंवा तेल कधीच लागलेले नसते. पाणी तिथूनच वर चढते. डिसेंबरात, लाकूड कोरडे असताना, फळ्या उतरवून ती कड साफ करून दोन-तीन हात जवसाचे तेल पाजावे. पावसाळ्यात रंधा मारण्याची घाई करू नये, नाहीतर उन्हाळ्यात फट पडते. उंबरा मात्र गाडीच्या आड येईल. तो फोडण्याऐवजी काढता-घालता येणारा लोखंडी उतार (रॅम्प) करून घ्यावा. बिजागऱ्या आणि खालचा खुंटा झिजला असेल तर फळी जमिनीला घासते आणि आपल्याला ती फुगल्यासारखी वाटते, हेही सुताराकडून पाहून घ्यावे.

प्रश्न : शटर कुरकुरते. कोणते तेल घालावे? आम्ही खोबरेल घालतो, शेजारी डिझेल.
— एक वाचक, गोत्री

उत्तर : दोन्ही बंद करावीत. खोबरेल थंडीत थिजते आणि धूळ धरते. डिझेल बेअरिंगमधले असलेले ग्रीसही धुऊन नेते, म्हणून आवाज दोन दिवस थांबून पुन्हा वाढतो. गाईडमध्ये ग्रीस मुळीच नको, तिथे धुळीचा लगदा होतो. कोरड्या फडक्याने गाईड पुसून सिलिकॉनचा फवारा मारावा, तो नसेल तर साधी मेणबत्ती आतल्या कडांवर घासावी. बेअरिंगला ग्रीस आणि स्प्रिंगांना शिलाई यंत्राच्या तेलाचे काही थेंब, वर्षातून दोनदा : एकदा पावसाळ्याच्या आधी आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत.